साठ घरं, एक ट्रान्सफॉर्मर आणि रात्रीचे आठ

एक हिशेब करून बघा. गोव्यातल्या कुठल्याही गावातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. साठ घरं आहेत. देवळाच्या तळीकडे वळणाऱ्या रस्त्यावर दोन खांबांमध्ये बसवलेला एक ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्यावर '100 केव्हीए' असं रंगवलेलं आहे. प्रत्येक घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त घेता येणारी वीज, 5 किलोवॅट धरू. साठ गुणिले पाच, तीनशे. म्हणजे शंभराच्या यंत्रावर तीनशेचा भार कागदोपत्री मंजूर आहे. केव्हीए आणि किलोवॅट या दोन मापांत थोडा फरक असतो. घरगुती वापरात 100 केव्हीए म्हणजे साधारण 95 किलोवॅट धरलं तरी चालतं. म्हणजे हिशेब आणखीच बिघडला.

हा गुणाकार पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, कुणाची तरी चूक झाली आहे. चूक झालेली नाही. वीज वितरणाचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे: सगळी माणसं सगळ्या गोष्टी एकाच वेळी करत नाहीत.

देवळातल्या समाराधनेचं बघा. जेवायला सहाशे माणसं येणार असतात, पण सहाशे पानं मांडता येतील एवढा मंडप कुणी घालत नाही. दीडशेची पंगत मांडतात आणि चार पंगती उठतात. मंडपाचा आकार एकूण जेवणाऱ्यांवर ठरत नाही, सर्वांत मोठ्या पंगतीवर ठरतो. ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. एका घरात गिझर चालू असतो तेव्हा शेजारच्या घरातला बंद झालेला असतो. पलीकडच्या घरातली माणसं अजून म्हापशाहून परतलेली नसतात. त्यामुळे संध्याकाळच्या सर्वांत गर्दीच्या घटकेलाही एका घराच्या वाट्याला सरासरी सव्वा-एक किलोवॅटच्या आसपास भार येतो. साठ घरांचे मिळून सत्तर-पंचाहत्तर. शंभराचा ट्रान्सफॉर्मर निवांत चालतो. इंजिनिअर याला 'डायव्हर्सिटी' म्हणतात. मंजूर भाराची बेरीज आणि प्रत्यक्षातली सर्वांत मोठी पंगत यांतला हा फरक वर्षानुवर्षं फारसा बदलत नव्हता. म्हणून नियोजनही सोपं होतं: गेल्या वर्षीचा सर्वाधिक भार घ्यायचा, त्यात चार-पाच टक्के मिळवायचे आणि पुढच्या कामाला लागायचं.

आता पंगतीचं वेळापत्रकच बदलू लागलं आहे.

आमच्या लहानपणी न्हाणीत तांब्याचं भाण असे. खाली नारळाची पिडं आणि सोडणं जळत. अंघोळीच्या पाण्याचा आणि वीज खात्याचा काडीचाही संबंध नव्हता. स्वयंपाक आधी चुलीवर, मग गॅसवर. गाडी पेट्रोलवर. ही सगळी ऊर्जाच होती. फक्त ती तारेतून येत नव्हती. भाणाच्या जागी गिझर आला, शेगडीच्या शेजारी इंडक्शन आलं, छतावर पंखा होता तिथे भिंतीवर एसी आला, आणि आता बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, पायऱ्यांशी विजेवरची गाडी उभी राहते. पूर्वी आगीने होणारी कामं एकेक करून तारेवर येत आहेत. इंग्रजीतून आलेला 'इलेक्ट्रिफिकेशन' हा शब्द पूर्वी गावात पहिला खांब आला की वापरत. आता त्याचा अर्थ हा आहे.

यातलं गाडीचं प्रकरण समजून घेतलं की बाकीचं आपोआप समजतं.

गोवा लहान आहे. फोंड्याहून पणजीला नोकरीसाठी जाणाऱ्याची गाडी दिवसाला साधारण साठ किलोमीटर धावते. छोटी विजेवरची गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे रोजचे नऊ-दहा युनिट. मध्यमवर्गीय घरात आधीच जेवढी वीज जळते, जवळपास तेवढीच आणखी. महिन्याच्या बिलात हे जाणवेल, पण यात घाबरण्यासारखं काही नाही. युनिटचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरपुढे नाहीच. त्याला महिन्याचा हिशेब कळत नाही, त्याला फक्त या क्षणी किती, एवढंच कळतं.

सोळा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर गाडी सव्वातीन-साडेतीन किलोवॅट भार घेते. भिंतीवर लावायचा चार्जर घेतला तर 7.2 किलोवॅट. वर सांगितलेल्या हिशेबात एका घराचा वाटा 1.2 किलोवॅट होता. म्हणजे भिंतीवरच्या चार्जरवर लावलेली एक गाडी ट्रान्सफॉर्मरच्या नजरेतून सहा नवी घरं आहेत. वाड्यावर एकही नवं घर न बांधता सहा घरं वाढली! आणि ती वाढतात ती नेमक्या वाईट वेळी. माणूस घरी येतो सात-साडेसातला. गाडी लावतो, प्लग खुपसतो, आत जाऊन एसी लावतो. तोवर स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झालेला असतो. शेजारीही हेच चाललेलं असतं. दहा घरांनी साध्या सॉकेटवर गाड्या लावल्या तरी तेहतीस किलोवॅटची भर. बहात्तर अधिक तेहतीस म्हणजे एकशे पाच. संपला शंभराचा ट्रान्सफॉर्मर.

गेल्या चवथीला माशेलला मावशीकडे याची छोटी आवृत्ती बघितली. मावसभाऊ नवी गाडी घेऊन आला आणि आल्या आल्या बाल्कांवातल्या सॉकेटला लावून मोकळा झाला. घरात पंचवीस माणसं. दोन एसी, गिझर, मखराभोवतीच्या माळा. आरतीला सगळे उभे राहिले, कुणीतरी ओव्हन लावला आणि मेन स्विच, म्हणजे एमसीबी, खाली पडला. बाहेर सगळ्यांचे दिवे चालू, आमच्याकडेच काळोख. दोष आमचाच होता. घराचा मंजूर भार मावशीच्या लग्नाच्या काळातला, आणि तो वाढवून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी काढली आणि समयांच्या उजेडात राहिलेली आरती पुरी केली. मावसा तेवढ्यात म्हणाले, "आमचं घर बंद पडलं ते बरं झालं. एमसीबी पडला नसता तर तो भार कुणी उचलला असता?" प्रश्न अगदी बरोबर होता. घराचा एमसीबी आपलं घर वाचवतो. पन्नास घरं थोडा थोडा जास्त भार घेतात तेव्हा एकाही घरातला एमसीबी पडत नाही आणि सगळ्यांचा मिळून भार त्या तळीजवळच्या डब्यावर जातो.

त्या डब्यात तेल असतं, तेलात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या तारेची वेटोळी आणि त्यांच्याभोवती कागद. होय, कागद. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे त्या कागदाचं आयुष्य. भार वाढला की तार तापते, आणि उष्णता भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: भार दुप्पट तर वेटोळ्यातली उष्णता चौपट. ठरावीक मर्यादेपुढे साधारण दर 6 अंश सेल्सिअसला कागद झिजण्याचा वेग दुप्पट होतो, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. ट्रान्सफॉर्मर लगेच जळत नाही. संध्याकाळी दोन तास जास्त भार सोसतो आणि रात्री वाडा झोपला की थंड होतो. ही रात्रीची विश्रांती आजवर फुकट मिळत होती. रात्रभर गाड्या चार्ज होऊ लागल्या आणि रात्रभर एसी चालू राहिले, तर तो कधीच नीट थंड होत नाही. मे महिन्यात तर बाहेरची हवाच मदतीला येत नाही. पंचवीस वर्षांसाठी बसवलेला डबा मग कितीतरी आधी उतरवावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी वाड्यावर राहणाऱ्याला दिसत नाही पण लायनमनला पाठ असते. ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा, निघतात आणि एकफेजी घरं त्या तिघांवर वाटलेली असतात. गाड्या घेणारी घरं मात्र अशी वाटलेली नसतात. एकाच गल्लीत एकाने घेतली की दुसरा घेतो. शेजाऱ्याच्या अंगणात उभी असलेली गाडी ही कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी जाहिरात. ती सगळी घरं एकाच फेजवर असली तर एकूण भार जेमतेम सत्तर टक्के असतानाही ती फेज गळ्यापर्यंत बुडालेली असते. शेवटच्या घरात दिवे मंद, पंखा रेंगाळलेला. नियमाने घरगुती व्होल्टेज 230 च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे 216 ते 244 यांच्या दरम्यान राहायला हवं. नियोजन करणाऱ्याच्या दृष्टीने 'क्षमता संपली' याचे म्हणून दोन अर्थ होतात. एक, तार किंवा ट्रान्सफॉर्मर तापला. दोन, काहीच तापलं नाही पण टोकाच्या घराला व्होल्टेज पोचलं नाही. सत्तरी तालुक्यात केरीच्या बाजूला जंगलातून लांबवर गेलेल्या लाइनींवर दुसरा प्रकार आधी उभा राहतो. पर्वरीसारख्या दाट वस्तीत पहिला.

ट्रान्सफॉर्मरच्या मागे काय?

वीज आपल्याकडे येते ती पायऱ्या उतरत. गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती नगण्य आहे. छत्तीसगडमधलं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल, तेलंगणातलं रामगुंडम अशा दूरच्या केंद्रांतला वाटा आपल्याला मिळतो. ती वीज चारशे आणि दोनशे वीस केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) मनोऱ्यांवरून राज्यात शिरते, मग 110, मग 33, मग गावाजवळच्या उपकेंद्रात 11 केव्ही, आणि शेवटी तळीजवळच्या डब्यात 415 आणि 230 व्होल्ट. वरच्या पायऱ्यांवर बातम्या होतात. तमनार या वीजवहन प्रकल्पाच्या लाइनीवरून मोलेच्या जंगलासाठी 2020 मध्ये केवढी चळवळ उभी राहिली ते आठवत असेल. या लेखाचा विषय खालच्या पायऱ्यांचा, म्हणजे 33 केव्हीपासून तुमच्या मीटरपर्यंतचा. त्यालाच वितरण म्हणतात. विजेची टंचाई नसतानाही माझ्या घरात वीज नसू शकते, कारण पाण्याच्या भाषेत सांगायचं तर वरचं धरण भरलेलं आहे पण माझ्या गल्लीतला पाइप अर्ध्या इंचाचा आहे.

अकरा केव्हीच्या एका फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनीवर, साधारण 200 अँपिअर वाहू शकतात असं धरलं, तर तो तीन हजार आठशे केव्हीएच्या आसपास भार नेतो. कागदावर शंभराचे अडतीस ट्रान्सफॉर्मर. प्रत्यक्षात त्याहून जास्त जोडतात, कारण पंगतीचा नियम इथेही चालतो: सगळ्या वाड्यांचे आठ एकदम वाजत नाहीत. बाजारपेठेचा भार दुपारी, औद्योगिक वसाहतीचा दिवसभर, वाड्यांचा संध्याकाळी. पण या फीडरवर एखादा बसडेपो आला तर? प्रत्येकी 120 किलोवॅटचे दहा चार्जर एकदम चालले तर बाराशे किलोवॅट झाले. फीडरची जवळपास एक तृतीयांश ताकद एका फाटकाच्या आत गेली. म्हणून असा ग्राहक स्वतःचं 11 किंवा 33 केव्हीचं कनेक्शन घेतो, आणि त्याची गोष्ट नियोजनात वेगळ्या वहीत लिहितात. मोठा ग्राहक एका अर्थी बरा. तो अर्ज करतो, भार सांगतो, वेळ देतो. घरगुती चार्जर न सांगता येतो.

आणि येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 43 सांगतं की मागेल त्याला वीज दिलीच पाहिजे. बस भरली की कंडक्टर दार लावून घेतो, तशी सोय वीज वितरकाला नाही. त्याला गर्दी होण्याआधीच मोठी बस आणून उभी करावी लागते. ट्रान्सफॉर्मर बदलायला काही दिवस लागतात, नवा फीडर ओढायला महिने. नवं उपकेंद्र म्हणजे कित्येक वर्षांचं काम, आणि त्यातला मोठा भाग यंत्रांत जात नाही, जागेत जातो. गोव्यात उपकेंद्राला हवी तशी सपाट, रस्त्यालगतची, वादात नसलेली जमीन मिळवणं म्हणजे काय हे कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन) आणि सहहिस्सेदार हे शब्द ठाऊक असलेल्यांना समजावून सांगायला नको.

मग अंदाज बांधतात कसा?

वरून आणि खालून, दोन्हीकडून. वरून म्हणजे देशपातळीवरचं सर्वेक्षण. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर काही वर्षांनी राज्यवार मागणीचा अंदाज काढतं. विसावं सर्वेक्षण 2022 मध्ये आलं आणि त्यात 2031-32 पर्यंतचे आकडे आहेत. राज्याला किती वीज विकत घ्यायची हे ठरवायला ते पुरतं. पण कुठल्या वळणावरचा डबा बदलायचा हे त्यातून कळत नाही. त्यासाठी खालून चढावं लागतं. नकाशाचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात पुढच्या दहा वर्षांत काय उगवेल ते बघायचं: बांधकाम परवाने, राहायला जाण्याचे (ओक्युपन्सी) दाखले, वाहन नोंदणी, नव्या कनेक्शनचे अर्ज, छतावरच्या सौर पॅनेलचे अर्ज. पेडण्यात मोपाचा विमानतळ झाला, 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन आणि जानेवारी 2023 मध्ये उड्डाणं. विमानतळाचा भार आधीपासून कागदावर असतो. त्याच्या भोवतीच्या दहा गावांत हॉटेलं, गोदामं, चालकांच्या खोल्या किती आणि कधी उभ्या राहतील, ती खरी नियोजकाची डोकेदुखी.

नवी वस्ती सरळ रेषेत वाढत नाही. पहिली काही वर्षं काहीच हलत नाही, मग एकदम उसळी येते, मग भरल्यावर पुन्हा सपाट. इंग्रजी एस अक्षरासारखी वळणाची रेघ. गाड्यांचंही तसंच होणार. 2023 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने घोषणा केली होती की पुढच्या जानेवारीपासून नवी पर्यटक वाहनं, भाड्याच्या गाड्यांसकट, विजेवरचीच घ्यावी लागतील. असं एखादं धोरण पूर्ण अंमलात येतं, अर्धवट येतं की लांबतं, यावर किनारपट्टीच्या फीडरांची रेघ कुठे वळणार हे अवलंबून. म्हणून शहाणा नियोजक एकच आकडा देत नाही. तीन देतो: सावकाश, मध्यम, सुसाट. आणि मग विचारतो की तिन्हींत उपयोगी पडेल असं काम कुठलं? तळीजवळचा डबा जुना झाला म्हणून बदलायचाच असेल तर शंभराच्या जागी दोनशेचा बसवावा, कारण खांब, मजुरी, शटडाउन हा खर्च दोन्हींत सारखाच. जांभ्या दगडात चर खणायचाच असेल तर एका केबलबरोबर एक रिकामा पाइपही पुरावा. मला विचाराल तर वितरणाच्या नियोजनातला सर्वांत स्वस्त शहाणपणा या रिकाम्या पाइपात आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत कमी दिसतो. एकच रस्ता तीनदा खणलेला कुणी पाहिला नाही?

गोव्याची एक खास अडचण मात्र इतर ठिकाणच्या पुस्तकात सापडत नाही. बार्देशात हणजुण, आसगाव, शिवोली या बाजूला बंद दारांचे बंगले आणि फ्लॅट किती आहेत बघा. मालक दिल्लीत, मुंबईत. मंजूर भार दहा-पंधरा किलोवॅट, प्रत्येक खोलीत एसी, पोहण्याच्या तलावाला पंप. वर्षातले दहा महिने मीटर जेमतेम फिरतो. मग नाताळ ते नववर्ष सगळे एकदम उतरतात आणि सगळ्यांचे एसी एकदम लागतात. म्हणजे इथे डायव्हर्सिटी नाहीच. सहाशेच्या सहाशे पहिल्याच पंगतीला बसलेले. तार, ट्रान्सफॉर्मर, उपकेंद्र हे सगळं त्या पंधरवड्यासाठी बांधायचं आणि उरलेलं वर्षभर रिकामं ठेवायचं. त्याचा खर्च युनिटच्या दरातून वसूल केला तर तो भरतो कोण? वर्षभर गावात राहणारा. म्हणून बिलातला स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी भरावी लागणारी रक्कम, किती असावा हा कंटाळवाणा वाटणारा प्रश्न खरं तर गावातल्या न्यायाचा प्रश्न आहे. संयुक्त वीज नियामक आयोगाच्या जनसुनावण्यांत दरवाढीवर बोलणारे पुष्कळ असतात. स्थिर आकार मंजूर भाराप्रमाणे कसा वाटावा यावरही तितकंच बोलायला हवं, असं मला वाटतं.

दुपारी उलटा प्रवाह

आता याच वाड्यावर वीस घरांनी छतावर सौर पॅनेल लावले असं धरू. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचं अनुदान आहे, त्यामुळे ही कल्पना मुळीच दूरची नाही. साठ किलोवॅट छतांवर. दुपारी एक वाजता वाड्यावर माणसं नाहीत, भार वीस-पंचवीस किलोवॅट. उरलेली वीज खालून वर, ट्रान्सफॉर्मरकडे उलटी वाहू लागते. संध्याकाळी टोकाच्या घराला व्होल्टेज कमी पडत होतं, दुपारी त्याच घराचं व्होल्टेज वर चढतं. एकाच तारेला दिवसात दोन आजार. त्यात 2024 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 10 किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या संचाला तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळाल्याचं धरलं जातं, आणि 5 किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी लाइन बळकट करायची तर ती वितरकाने आपल्या खर्चाने करायची. ग्राहकाच्या बाजूने हे योग्यच. पण मग कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर अजून किती पॅनेल सहज मावतील याचा नकाशा वितरकाकडे आधीच तयार हवा.

दुपारी वीज जास्त, रात्री आठला गाड्या भुकेल्या. उपाय कुणालाही सुचेल: गाड्या दुपारी लावा. कार्यालयांच्या, कारखान्यांच्या, मडगाव-पणजीतल्या वाहनतळांवर चार्जर असले तर छतावरची वीज तिथल्या तिथे गाडीत जाईल. घरी लावायचीच तर मध्यरात्रीनंतर. केंद्राने 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून वेळेप्रमाणे दराची वाट मोकळी केली. दिवसातल्या आठ सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी, गर्दीच्या तासांत जास्त. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो, कारण जुना मीटर किती वीज वापरली ते सांगतो, कधी वापरली ते सांगत नाही. स्मार्ट मीटरवरून गावोगाव संशय आहे. त्यातला काही समजण्यासारखाही आहे. पण नियोजकासाठी तो मीटर म्हणजे काळोखातला टॉर्च. त्याच्याशिवाय तळीजवळच्या डब्यावर रात्री आठला खरंच किती भार असतो, हे कळायला माणसाने जाऊन मोजावं लागतं.

वेळेप्रमाणे दरातही एक गंमत आहे. स्वस्त दर रात्री दहाला सुरू होतो असं जाहीर केलं की सगळे चार्जरचं घड्याळ दहावर लावतात. आठची गर्दी मोडली, आणि दहाच्या ठोक्याला त्याहून मोठी उभी राहिली! आठला निदान कुणी सव्वासातला येत होता, कुणी पावणेनऊला. घड्याळाने सगळ्यांना एका पंगतीला बसवलं. ब्रिटनने 2022 मध्ये यावर नियम लागू केला: घरगुती चार्जरने ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांच्या आत, आपापल्या मनाने थोडं थांबून सुरू व्हायचं. एवढ्या साध्या युक्तीने उडी मोडते. त्यापुढची पायरी म्हणजे भार बघून चार्जरांना आळीपाळीने चालवणं. सकाळी सातपर्यंत गाडी भरलेली हवी, मधल्या काळात ती केव्हा भरली याच्याशी मालकाला काय देणंघेणं? फ्रीज असा थांबवता येत नाही, एसी थोडा वेळच थांबतो. गाडी मात्र रात्रभर थांबू शकते. वितरणाचं जाळं ज्या गाडीमुळे वाकतं, तीच त्यावरचा सर्वांत लवचीक भार आहे.

अशा युक्त्यांनी किती पैसा वाचतो याचं न्यूयॉर्कमधलं उदाहरण इंजिनिअर नेहमी देतात. ब्रुकलिन-क्वीन्स भागात कॉन एडिसन कंपनीला नवं उपकेंद्र बांधायचं होतं, खर्च जवळपास 120 कोटी डॉलर. त्याऐवजी 2014 मध्ये नियामकाने सुमारे 20 कोटी डॉलरच्या कार्यक्रमाला मान्यता दिली: काटकसरीचे दिवे, बॅटऱ्या, ग्राहकांच्या सवयी बदलणं. उपकेंद्र पुढे ढकललं गेलं. रद्द झालं नाही हे मुद्दाम सांगायला हवं. युक्त्यांनी वेळ विकत मिळतो, तांबं शेवटी लागतंच. पण मिळालेल्या काही वर्षांत गाड्या खरंच किती येतात ते दिसतं, आणि मग अंदाजावर पैसा ओतावा लागत नाही.

आपल्याकडे यात पाऊस आणि झाडं धरावी लागतात. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा माड-आंबे तारांवर पडून कित्येक गावं काळोखात राहिली. त्या काळात गाड्या पेट्रोलवर होत्या, स्वयंपाक गॅसवर होता. लाइट गेली तरी माणूस जेवत होता आणि इस्पितळात पोचत होता. सगळंच तारेवर आल्यावर तीच तार तुटली तर? म्हणून वाढत्या भाराच्या आराखड्यात फक्त जाडी वाढवून भागत नाही, वाटही दुसरी ठेवावी लागते: एका फीडरचं टोक दुसऱ्याला जोडून ठेवायचं, म्हणजे इथे झाड पडलं तर तिथून वीज फिरवता येते. पण फिरवायची तर दुसऱ्या फीडरमध्ये तेवढी जागा रिकामी हवी. रोजच्या हिशेबात वाया गेल्यासारखी दिसणारी ती जागा असते. काटकसर करणाऱ्याच्या डोळ्यात ती आधी खुपते. भूमिगत केबलने झाडांचा प्रश्न सुटतो, पण खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि दोष शोधायला वेळ लागतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत उघड्या तारांवरचं सामान लवकर गंजतं, म्हणून तिथे केबल परवडते. सत्तरीच्या जंगलात खांबांवरूनच, पण आवरण असलेली केबल ओढणं हा मधला मार्ग.

माशेलच्या मावसभावाने चवथीनंतर भार वाढवून मिळावा म्हणून अर्ज केला. फॉर्ममध्ये उपकरणांची यादी द्यायची होती. पंखे, दिवे, फ्रीज, गिझर लिहून झाल्यावर 'इतर' या रकान्यात त्याने लिहिलं: गाडी, 7.2 किलोवॅट. तळीजवळच्या त्या डब्याच्या वहीत ती गाडी पहिल्यांदा तेव्हा आली. वाड्यावर आणखी चार गाड्या आहेत, त्यांची नोंद अजून कुठेच नाही.